शुक्रवारी पाहिलेली जागा

फेडर वर केला आणि मी विचारलं, "खाली कोण काय ठोकतंय?"

काचेपलीकडे स्टुडिओत मंदा बसली होती. जवळच्या अंजूर गावची मुलगी, नुकतीच बी.ए. झालेली, आमच्या स्टेशनची पहिली निवेदिका. डोक्यावर हेडफोन, समोर माइक आणि चेहरा तोंडी परीक्षेला आल्यासारखा. तिने छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं. "कुठं मॅडम? मला तं काय ऐकू येत न्हाय."

फेडर म्हणजे मिक्सरवरची सरकपट्टी. ती वर ढकलली की माइकचा आवाज मोठा होतो. मंदा गप्प बसली होती, म्हणजे मला हेडफोनमध्ये शांतता ऐकू यायला हवी होती. प्रत्यक्षात येत होतं ते असं: खट-खटाक, खट-खटाक, दम न घेता, आणि त्याच्या खालून एक जाड घरघर. कोणीतरी घरभर पाटा-वरवंटा फिरवत सुटलंय असं वाटत होतं.

मी शेजारी उभ्या असलेल्या रेहाना मॅडमना हेडफोन दिला. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "क्लीन आहे की."

दोन माणसं एकच उत्तर देतात तेव्हा मी आधी स्वतःवर संशय घेते. हेडफोन बदलला. केबल बदलली. माइक बदलला. खट-खटाक काही जाईना. मग मी दोन मजबूत दरवाजे उघडून पॅसेजमध्ये गेले, खिडकीतून खाली बघितलं आणि मला माझं उत्तर मिळालं. आमच्या इमारतीला खेटून पत्र्याचं लांबलचक छप्पर होतं. त्याच्याखाली पॉवरलूम, म्हणजे यंत्रमाग, चालू होते. कारखान्याची आणि आमची भिंत एकच होती.

माझी ओळख थोडक्यात सांगते. मी रेडिओ इंजिनिअर. सगळी नोकरी सरकारी रेडिओत झाली. ट्रान्समीटर, टॉवर, स्टुडिओ, यांच्यातच केस पांढरे केले. रिटायर झाल्यावर घरी बसून वाती वळायचा प्रयत्न केला, जमला नाही. तेव्हापासून छोट्या शहरांतल्या एफएम स्टेशनांना उभं राहायला मदत करते. भिवंडीचं हे स्टेशन असंच माझ्याकडे आलं. कम्युनिटी रेडिओ, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या आसपासच्या लोकांसाठी चालवायचा रेडिओ. ट्रान्समीटर लहान, पल्ला शहर आणि भोवतालची गावं एवढाच. तो इथे एका शिक्षणसंस्थेचा होता आणि खरं तर एकट्या रेहाना मॅडमचा होता.

रेहाना मॅडम संस्थेच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. परवानगीसाठी त्यांनी दिल्लीला इतके हेलपाटे घातले, की तोवर त्यांचा शाळेत जाणारा मुलगा नोकरीला लागला. शेवटी परवानगी आली. पण अशा परवानगीला मुदत असते. ठरलेल्या तारखेच्या आत प्रसारण सुरू झालं नाही तर ती जाते. आणि संस्थेचे चेअरमन पाटीलसाहेब यांनी त्यात आपली अट घातली होती. भिवंडीच्या नारपोली भागातल्या जुन्या शाळेचा पहिला मजला त्यांनी रेडिओला दिला होता, पण मनापासून नव्हे. एक पार्टी तो हॉल यार्नच्या, म्हणजे सुताच्या, गोडाऊनसाठी मागत होती. भिवंडीत रिकाम्या जागेचं पुढे काय होतं हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. रेडिओ धड चालला तर रेडिओ, नाहीतर गोडाऊन, हे पाटीलसाहेबांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगून ठेवलं होतं.

मी पॅसेजमधून परत आले. "रेहाना मॅडम, ही जागा कोणी पसंत केली?"

"सगळ्यांनी. पाटीलसाहेब होते, आर्किटेक्ट होता, मुंबईहून तो साउंडवाला आला होता. तो तर म्हणाला, नारपोलीत इतकी शांत जागा मिळाली म्हणजे नशीबच."

"बघितली कधी?"

"शुक्रवारी."

"आणि भिंतींना फोम लावल्यावर टेस्ट घेतली ती?"

"तीपण शुक्रवारीच. एरवी सवड कोणाला असते मॅडम?"

भिवंडीबाहेरच्यांना हे समजावून सांगावं लागेल. आपल्याकडे सुट्टी रविवारची. भिवंडीत लूमची सुट्टी शुक्रवारची. बाकीचे दिवस दिवसपाळी संपते तिथे रातपाळी सुरू होते, लूम थांबत नाहीत. शुक्रवारी सगळं शहर एकदम गप्प होतं. शेठ लोक मोकळे असतात, मीटिंगा शुक्रवारी, लग्नाची बोलणी शुक्रवारी, जागा बघणं शुक्रवारी. त्यामुळे या मंडळींनी आठवड्यातल्या एकुलत्या एक शांत दिवशी जागा बघितली, तिच्या शांततेवर खूश झाली आणि तिथे स्टुडिओ बांधला. मुंबईच्या माणसाला माहीत नव्हतं म्हणून तो फसला. बाकीच्यांना सगळं माहीत होतं, पण त्यांच्या लेखी लूमचा आवाज हा आवाजच नव्हता. जन्मल्यापासून जो कानावर पडतो तो कान मोजत नाही. मला त्या सगळ्यांचा राग आला आणि हसूही आलं. राग थोडा जास्त आला.

"मग काय झालं?" पाटीलसाहेब फोनवर म्हणाले. "भिवंडीचा रेडिओ हाय, लूम ऐकू येनारच."

मी वाद घातला नाही. चाचणी प्रसारणाची परवानगी हातात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाला एक साधं निवेदन वाचायला लावलं आणि पाटीलसाहेबांना म्हटलं, तुम्ही घरी अंजूरला रेडिओ लावून ऐका. अंजूरला आता गोडाऊनं झाली आहेत, पण त्यांचं घर आत, शेताच्या बाजूला. तिथे शांतता असते. प्रसारण संपायच्या आतच त्यांचा फोन आला.

"मॅडम, आमची आई दोनदा दार उघडून आली. कोन ठोकतंय म्हनून."

"तेच मी सांगत होते."

"हे असं चालायचं न्हाय. लोक हसतील संस्थेला."

"चालणार नाहीच. मी दुरुस्त करते."

"तारखेच्या आधी झालं तं ठीक. न्हायतर मी त्या यार्नवाल्याला हो सांगून मोकला होतो."

रेहाना मॅडम माझ्यासमोर बसून हे ऐकत होत्या. त्या दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मी त्यांना सांगितलं, होईल. मी असं उगाच म्हणत नाही. जे होणार नाही ते मी पहिल्याच दिवशी सांगते, त्यामुळे माझ्यावर चिडलेली माणसं बरीच आहेत.

आता उपाय. जागा बदलणं शक्य नव्हतं. परवानगी त्या जागेला मिळालेली असते. टॉवर गच्चीवर उभा होता, पत्ता बदलायचा म्हणजे अर्ज पहिल्यापासून. दुसरा उपाय फिल्टरचा. खालच्या पट्टीतले आवाज कापून टाकणारं एक बटण मिक्सरवर असतं. ते मी दाबून बघितलं. घरघर गेली, पण तिच्याबरोबर मंदाच्या आवाजातलं मांसही गेलं. बिचारी टिनच्या डब्यातून बोलल्यासारखी ऐकू येऊ लागली, आणि खट-खटाक जागच्या जागी राहिलं.

मुंबईच्या साउंडवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "अजून एक लेयर फोम मारू."

फोमचं काम वेगळं असतं. तुम्ही रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ती घुमते, ते घुमणं फोम पितो. पण तुमच्या भिंतीवर शेजाऱ्याने खिळा ठोकला, तर तो आवाज हवेतून येत नाही, भिंतीतून येतो. त्याला फोम काय करणार? इथे लूमचे पाय जमिनीत बोल्टने आवळलेले होते. प्रत्येक ठोका बोल्टमधून जमिनीत, जमिनीतून कॉलममध्ये, कॉलममधून आमच्या स्लॅबमध्ये आणि तिथून टेबलाच्या पायांतून माइकमध्ये चढत होता. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं ते फोमचं प्रकरण होतं. ठोका बंद करायचा तर तो निघतो तिथेच अडवायला हवा. म्हणजे लूमच्या पायाखाली रबर घालायला हवं. म्हणजे लूमच्या मालकाकडे जायला हवं.

"इक्बालशेठ?" रेहाना मॅडम म्हणाल्या. "ते लूमला हात लावू देणार नाहीत. सख्ख्या भावालाही लावू दिला नाही."

इक्बालशेठ म्हणजे शेजारच्या कारखान्याचे मालक. त्यांचे आजोबा किनाऱ्याकडून येऊन भिवंडीत वसले, वडिलांनी लूम टाकले. माणूस उंच, सावकाश बोलणारा. ऑफिस कारखान्याच्या तोंडाशी, अर्धी काच लावलेलं. आत बसून ते फोनवर अगदी हळू बोलत होते आणि समोरच्याला ऐकू जात होतं, हे मला अजून कळलेलं नाही. मला खुर्ची दिली, चहा मागवला.

मी मनात एक डाव आखून गेले होते. मोबाइलवर मंदाचं रेकॉर्डिंग घेतलं होतं. म्हटलं, हेडफोन लावून यांना त्यांच्या कारखान्याचा आवाज ऐकवावा. मंदा त्यात कशी बुडते ते कानांनी ऐकलं की माणूस ओशाळेल.

इक्बालशेठनी हेडफोन लावला. ऐकता ऐकता ते पुढे झुकले. चेहरा उजळला. हेडफोन तसाच ठेवून त्यांनी दाराकडे हाक मारली, "शकील! कोनेवाला लूम देख. पिकिंग लेट हो रहा है."

पिकिंग म्हणजे आडवा धागा नेणारा धोटा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला फेकण्याची क्रिया. आमच्या मंदाचा एक शब्द त्यांनी ऐकला नव्हता. शकील मिस्त्री हातातला पाना घेऊन गेला आणि जरा वेळाने परत येऊन म्हणाला, "हां सेठ, बोल्ट ढीला था."

"बहुत अच्छी मशीन है आपकी," इक्बालशेठ मला हेडफोन परत देत म्हणाले. "रोज येऊन ऐकवत जा मॅडम."

माझा डाव फसला होता, पण माझ्या हाती त्याहून चांगलं काही लागलं होतं. मी म्हटलं, "बोल्ट सैल का झाला?"

"मशीन हाय. हलनार."

"किती वेळा आवळावा लागतो?"

त्यांनी शकीलकडे पाहिलं. शकील हसला. "मैडम, मेरी आधी जिंदगी बोल्ट में गई."

मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्यांच्यासमोर सरकवला. पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. "शेठ, ही लूमची ताकद आहे. कापडात जायला हवी ती जमिनीत जाते. तिथून तुमचे बोल्ट सैल करते, तुमच्या भिंतीला चिरा पाडते, आणि उरलेली वर माझ्याकडे येते. लूमच्या पायाखाली रबराची गादी घालू द्या. तुमचे बोल्ट टिकतील, माझा रेडिओ चालेल."

"आणि लूम डोलला? कापडात पट्टा पडला? पार्टी माल परत पाठवील. ती तुमच्या रेडिओवर येऊन रडनार नाय, माझ्या डोक्यावर बसंल."

प्रश्न रास्त होता. लूम हलायला लागला की विणीत कुठे दाट, कुठे विरळ असे पट्टे उमटतात. मी म्हटलं, "एकच लूम द्या. कोपऱ्यातला. पट्टा पडला तर मी स्वतः गादी काढीन आणि परत तुमच्या दारात येणार नाही."

त्यांनी ग्लास बाजूला सरकवला. "एक. कोपऱ्यातला. आनि शुक्रवारी. चालू लूम मी थांबवत नाय."

शुक्रवारी सकाळी शकील मिस्त्रीने लूमचे पाय सोडवले, आम्ही खाली रबर सारलं. रबर मुंबईच्या साउंडवाल्याने पाठवलेलं होतं, मऊ, काळं, दिसायला छान. त्याच्या सल्ल्याने बोल्ट लावलेच नाहीत. बोल्ट लावले तर ठोका त्यांतूनच खाली जाईल म्हणाला. बोलणं पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं. त्या वजनाला मऊ रबर चालणार नाही असं मला वाटत होतं, आणि मी ते बोललेही, पण दुसरं हाताशी नव्हतं.

शनिवारी सकाळी इक्बालशेठचा निरोप आला, ताबडतोब या. मी गेले. कोपऱ्यातला लूम कोपऱ्यात नव्हता. दर ठोक्याला केसाएवढा सरकत सरकत तो वाटेत येऊन उभा राहिला होता आणि शकीलने घाबरून त्याचा स्विच बंद केला होता.

"मॅडम," इक्बालशेठ शांतपणे म्हणाले, "हा लूम मी कापड विणायला ठेवलाय. फिरायला नाय."

कारीगर तोंडावर गमछा धरून हसत होते. रेहाना मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी मात्र बरी होते. जे बिघडलंय ते डोळ्यांना दिसतंय, याच्यासारखी सोय नाही. लूम सरकतो, कारण गादी मऊ आहे आणि पाय मोकळे आहेत. म्हणजे गादी कडक हवी आणि पाय बांधलेले हवेत, पण बांधणाऱ्या बोल्टने लूमच्या पायाला थेट शिवायचं नाही. बोल्टभोवती रबराची नळी घातली, वरून रबराची चकती ठेवून नट आवळला, की लूम जागचा हलत नाही आणि ठोकाही लोखंडातून खाली उतरत नाही.

"शेठ, कापडात पट्टा पडला का?"

त्यांनी तागा उलगडून प्रकाशात धरला. बोटाने चाचपला. नाइलाजाने म्हणाले, "कापड साफ हाय."

"मग मला अजून एक शुक्रवार द्या. लूम परत फिरायला गेला तर मीपण त्याच्याबरोबर जाईन."

ते हसले. पहिल्यांदाच. शुक्रवार मिळाला.

कडक रबर शोधायला लांब जावं लागलं नाही. कशेळीच्या एका गोडाऊनमध्ये मालाची खोकी वाहून नेणारा पट्टा बदलला होता आणि जुना पट्टा मागच्या बाजूला गुंडाळून टाकला होता. आत कापडाचे थर, वरखाली जाड रबर. खाटिकाचा सुरासुद्धा त्याच्यावर बोथट झाला असता. गोडाऊनचा मॅनेजर रेहाना मॅडमचा जुना विद्यार्थी निघाला. भिवंडीत कोणीही कुठेतरी त्यांचा विद्यार्थी निघतोच. त्याने पट्टा टेंपोत घालून दिला.

पुढच्या शुक्रवारी कोपऱ्यातला लूम नव्या गादीवर बसला. शनिवारी तो कोपऱ्यातच होता. कापड साफ होतं. शकील मिस्त्री रोज पाना लावून बोल्ट बघायचा आणि मान हलवून निघून जायचा. एक दिवस तो स्वतःच शेठला म्हणाला, "सेठ, बाकी के नीचे भी डाल दो. हमारा भी हाथ बचेगा." त्यानंतर मला बोलावं लागलं नाही. दर शुक्रवारी सकाळी एकेक रांग उचलली जाई आणि जुम्याच्या नमाजाआधी काम संपे. दर शनिवारी मी वर स्टुडिओत फेडर वर करून ऐके. खट-खटाक थोडं मागे सरकलेलं असे. मंदा रोज तिथे बसायची, तिला तो फरक कळलाही नाही. शेवटच्या रांगेनंतर जे काही पुसटसं उरलं ते फिल्टरने अलगद कापलं, मंदाच्या आवाजाला धक्का न लावता.

तोवर मुदत डोक्यावर आली होती. उद्घाटनाची तारीख ठरवायला पाटीलसाहेबांनी मीटिंग बोलावली. शुक्रवारी, हे सांगायला नकोच.

"मुदतीच्या आधीचा शेवटचा शुक्रवार धरू," ते म्हणाले. "सगली मंडली मोकली असतील."

"त्याच्या आधीचा सोमवार ठेवा," मी म्हटलं.

"सोमवारी कोन येनार?"

"कोणी नाही आलं तरी चालेल. लूम चालू असताना स्टेशन सुरू करायचं."

"मॅडम, मुद्दाम कशाला? तुमचं काम झालंय ना? मग शुक्रवारी सुरू करा, शांततेत."

रेहाना मॅडमनीही माझ्या हाताला स्पर्श केला. हळूच म्हणाल्या, "मॅडम, एकदा सुरू तर होऊ दे. मुदत पाळली जाईल. नंतर बघू."

मला त्यांचं कळत होतं. इतकी वर्षं एका गोष्टीच्या मागे धावलेलं माणूस शेवटच्या पायरीवर पाय जपून टाकणारच. पण मी म्हटलं, "शुक्रवारी आवाज येणार नाही हे आपल्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. त्यावरच विश्वास ठेवून आपण इथवर आलो. स्टेशन शनिवारी पण चालायचंय. शनिवारी जर साहेबांच्या आईंना पुन्हा दार उघडायला उठावं लागलं, तर यार्नवाला रविवारी कुलूप घेऊन येईल."

मग रेहाना मॅडम उभ्या राहिल्या. वर्गात उभ्या राहतात तशा. "सोमवार," त्या म्हणाल्या. "अकरा वाजता. दोन्ही पाळ्यांचे कारीगर जागे असतात."

पाटीलसाहेबांनी खांदे उडवले. "ठेवा सोमवार. मी येनार न्हाय. मी घरी बसून ऐकनार. मला ठोकलेलं ऐकू आलं तं तिथून फोन करीन, आनि तो फोन यार्नवाल्याला असंल."

सोमवारी सकाळी मी ट्रान्समीटर लावला, काटे बघितले. खाली सगळे लूम चालू होते. मी स्वतः जाऊन बघून आले होते. पॅसेजमध्ये कॉलेजची मुलं-मुली, दोनचार प्राध्यापक, पेढ्यांचा बॉक्स. पहिला पाहुणा कोण, यावर बरीच चर्चा झाली होती. आमदार सुचवले गेले, उद्योगपती सुचवले गेले. रेहाना मॅडमनी इक्बालशेठना बोलावलं. त्यांच्यामुळे सुरू होतंय, त्यांनीच बोलावं, म्हणाल्या. शेठ पांढरा कुर्ता घालून, अत्तर लावून आले. स्टुडिओच्या आत ते पहिल्यांदाच पाऊल टाकत होते.

दोन्ही दरवाजे लावले. लाल दिवा लागला. मी फेडर वर केला.

मंदाने नमस्कार, आदाब, राम राम सगळं एका दमात केलं. सुरुवातीला आवाज थरथरला, मग स्थिरावला. तो आवाज भरलेला, जवळचा होता, आणि त्याच्यामागे काहीही नव्हतं. माझ्या शेजारी रेहाना मॅडम खुर्चीच्या पाठीला घट्ट धरून उभ्या होत्या.

"शेठ," मंदाने विचारलं, "तुमचा लूमचा धंदा कधीपासूनचा हाय?"

"असं हाय बेटा," इक्बालशेठनी सावकाश सुरुवात केली, "आमच्या वालिदसाहेबांनी जवा पहिला लूम..."

ते थांबले. मान थोडी वाकडी केली. मग जमिनीकडे बघितलं. चप्पल दोनदा जमिनीवर दाबून पाहिली. चेहऱ्यावरचा रंग बदलला.

"पायाला काय लागत नाय," ते माइकमध्येच म्हणाले. "मशीन बंद पडली. लाईट गेली."

"शेठ, लाईट हाय," मंदा म्हणाली.

पण ते उठले होते. हेडफोनची वायर ताणली, हेडफोन टेबलावर पडला. पहिला दरवाजा उघडला, दुसरा उघडला, आणि पॅसेजमधून जोरात हाक गेली, "शकील! लाईट गई क्या?" उघड्या दारांतून खालचा सगळा कारखाना स्टुडिओत शिरला. खट-खटाक, खट-खटाक, थेट माइकवर, थेट हवेत, भिवंडीपासून अंजूरपर्यंत.

मी फेडर खाली करायला हात उचलला. रेहाना मॅडमनी माझं मनगट धरलं. "राहू दे," म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या, दोन्ही एकदम. आत्ता जे झालं त्याचा अर्थ त्यांना माझ्याआधी कळला होता. ज्या माणसाला आयुष्यात लूमचा आवाज कधी आवाज वाटला नव्हता, त्याला तो नसलेला ऐकू आला होता.

इक्बालशेठ दारात उभे राहून ऐकत होते. खाली सगळं चालू होतं. त्यांनी दोन्ही दरवाजे नीट लावले, परत येऊन बसले, हेडफोन सरळ केला. "चालू हाय," त्यांनी सगळ्या श्रोत्यांना सांगितलं. "हां, तर वालिदसाहेबांनी जवा पहिला लूम टाकला..."

पाटीलसाहेबांचा फोन आला तेव्हा रेहाना मॅडमना तो उचलवेना. मी उचलला.

"मॅडम," ते म्हणाले, "त्या इक्बालला सांगा, बोलताना दार लावून बसायचं. बाकी साफ हाय." मग म्हणाले, "आई जागची उठली न्हाय."

स्टेशन आज चालू आहे. सकाळी मंदाचा कार्यक्रम असतो, दुपारी उर्दू-हिंदी, संध्याकाळी पाळी बदलताना फर्माइशी. हॉल गोडाऊन झाला नाही. इक्बालशेठनी दुसऱ्या कारखान्यातही पट्ट्याच्या गाद्या घातल्या आणि त्याचं श्रेय ते शकीलला देतात, मला नाही. माझी त्याला हरकत नाही.

माझ्यापुरता धडा एवढाच. हल्ली कुठल्याही गावाहून जागा बघायला बोलावणं आलं, की मी आधी विचारते, तुमच्याकडे सुट्टी कोणत्या दिवशी असते? ते सांगतात. त्या दिवशी मी जात नाही.